दहापैकी सात

आमच्या बिझनेस स्कूलला एका जुन्या विद्यार्थ्याने देणगी दिली ती मोठी विचित्र. इमारत बांधा, हॉलला माझं नाव द्या, असलं काही तो म्हणाला नाही. हे पैसे मुलांना शेअर बाजारात गुंतवू द्या, एवढीच त्याची अट. खोटे पैसे गुंतवून कुणी शहाणं होत नाही, बुडाले तर खरे बुडू देत. तेव्हापासून दर वर्षी दुसऱ्या वर्षातली बारा मुलं निवडतात आणि तो फंड त्यांच्या हाती देतात. त्या बारा जणांत मी होते. यादीत नाव लागलं त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते, आणि पुढचे कितीतरी दिवस ते मी टेकवलेही नाहीत.

फंडाची खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन लांब टेबलं, भिंतीवर भाव दाखवणारा पडदा, आणि मागच्या बाजूला फोन करण्यासाठी काचेच्या दोन केबिनी. वर्गात मी बोलायला लागले की समोरचा गप्प व्हायचा, म्हणून मला नाव पडलं होतं तोफ. मी ते मिरवायचे, खोटं कशाला सांगू. माझ्या शेजारी बसायची तिचं नाव तळटीप. कंपनीचा वार्षिक अहवाल हातात पडला की ही मुलगी मागून वाचायला सुरुवात करायची, शेवटच्या पानांवरच्या बारीक अक्षरांतल्या टिपांपासून. वसतिगृहात आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. तिच्या खोलीत चार्जर, छत्री, डोकेदुखीच्या गोळ्या असं सगळं असायचं आणि ते सगळं माझंच आहे अशा थाटात मी वापरायचे.

आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी तीस वर्षं एका मोठ्या कंपनीत लोकांचे पैसे सांभाळले होते. निवृत्त झाले आणि इथे आले. त्यांचे नियम मोजके आणि हट्टी. कुठल्याही कंपनीचा शेअर घ्यायचा तर आधी दहा फोन करायचे, आणि तेही कंपनीबाहेरच्या माणसांना. दुकानदार, गिऱ्हाईक, माल पोचवणारा ड्रायव्हर, कुणीही. "आकडे कंपनी लिहिते," सर म्हणायचे, "दुकानदाराला विचारा. त्याला काय पडलंय कंपनीचं." दुसरा नियम विरोधाच्या खुर्चीचा. जो कंपनी मांडेल त्याच्यासमोर एक खुर्ची ठेवायची आणि तिच्यावर बसलेल्याने त्या मांडणीच्या चिंध्या करायच्या. त्याला फाईल चार दिवस आधी मिळे, आणि त्यानेही आपले वेगळे दहा फोन करायचे. तिसरा नियम चुकीच्या कागदाचा. ज्याची कंपनी नाकारली जाईल त्याने आपलं काय चुकलं ते एका पानावर लिहून सगळ्यांसमोर वाचायचं. मग सर तो कागद पंच करून एका जाड फाईलीत लावत. पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिला धडा त्या फाईलीतून.

तळटीपेने मांडायला घेतलेली कंपनी चाकं बनवायची. गाड्यांची नाहीत, हॉस्पिटलच्या खाटांची, स्ट्रेचरची, सामानाच्या ट्रॉल्यांची. आम्ही बाकीचे मोबाइल, औषधं, बँका असलं काही धरून बसलो होतो, आणि हिची चाकं. तिची आई हॉस्पिटलात नर्स होती. अडकणारी खाट ढकलून ढकलून आईचा खांदा कसा गेला, आणि मग वॉर्डात या कंपनीची चाकं आली तेव्हा ती घरी येऊन काय म्हणाली, हे तळटीपेने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी झोपेत म्हणून दाखवलं असतं. ती बस बदलत बदलत कारखान्यात जाऊन आली. दोन दिवस तिथे राहिली. दहा फोन केले आणि प्रत्येकाचं बोलणं शब्द न् शब्द वहीत उतरवलं. दहातले नऊ म्हणाले, माल चांगला आहे, खपतोय.

विरोधाच्या खुर्चीत माझं नाव निघालं. चिठ्ठी उघडली तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. "सोडू नकोस हं मला," म्हणाली. "तू सोडलंस तर मजा नाही."

फाईल घेऊन मी दोन दिवस बसले आणि मला काहीही सापडलं नाही. कर्ज कमी, विक्री वाढती, टिपांमध्ये लपवाछपवी नाही. असणार कशी, टिपा तिने आधीच चाळल्या होत्या. राहिले फोन. आता एक गोष्ट सांगते जी तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. वर्गात धडाडणाऱ्या या तोफेला अनोळखी माणसाला फोन करायची भीती वाटायची. समोरचा दिसत नाही, तो कधी फटकारेल याचा नेम नाही. आधीच्या वेळी मी माझ्या आतेभावाला पुढे करून निभावून नेलं होतं. या वेळी तो गावाला गेला होता.

सादरीकरण सोमवारी होतं. शनिवारी सकाळी मी केबिनीत शिरले आणि हॉस्पिटलचं सामान विकणाऱ्या एका दुकानाला फोन लावला. त्या कंपनीची चाकं? बंद केली आम्ही, तो म्हणाला. माझे कान टवकारले. दुसऱ्याला लावला. तोही म्हणाला, हल्ली नाही ठेवत. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. मैत्रिणीच्या दोन महिन्यांच्या मेहनतीला भगदाड पडत होतं आणि मी खूश होत होते, याची मला तेव्हा जराही लाज वाटली नाही. तिसऱ्याला लावला. तो म्हणाला, "चालू आहे की. काल चाळीस गेली. तुम्हाला किती हवीत?" मी म्हटलं, घ्यायची नाहीत, फक्त विचारायचं होतं. "मग कशाला सकाळी सकाळी डोकं खाता," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

बस, एवढंच झालं. एका दुकानदाराने फटकारलं आणि मी केबिनीतून बाहेर आले ती परत गेले नाही. कान लाल झाले होते. जागेवर येऊन बसले, संगणकावर तक्ता उघडला. तिघांपैकी दोन. दहा असते तर किती? सहा पूर्णांक सहासष्ट. त्या चौकटीत अपूर्णांक दाखवायचे नाहीत असं आधीच ठरवून ठेवलेलं होतं, त्यामुळे तिथे सात आकडा आला. दहापैकी सात. मी त्या साताकडे बराच वेळ पाहत होते. खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही. दीड वर्ष आम्हाला हेच तर शिकवलं होतं, थोड्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायला. इतकी शिकलेली मुलगी खोटं बोलते तेव्हा ती त्याला प्रमाण काढणं म्हणते.

सोमवारी बाहेरून एक पाहुण्या बाई आल्या होत्या. मोठ्या फंडाच्या प्रमुख, वर्तमानपत्रात फोटो येतो अशा. दर वर्षी त्या एक सादरीकरण ऐकतात आणि कुणी नजरेत भरलं तर सुट्टीत आपल्याकडे कामाला घेतात. तळटीप छान बोलली. घाईघाईत बोलली, पण छान. मग माझी पाळी.

"तू ज्यांना फोन केलेस," मी विचारलं, "त्यांचे नंबर तुला कुणी दिले?"

"सहा कंपनीच्या सेल्स मॅनेजरने दिले. चार मी शोधले."

"मी दहाच्या दहा स्वतः शोधले. दहापैकी सात दुकानांनी या कंपनीची चाकं ठेवणं बंद केलंय. तुला याची कल्पना होती?"

तळटीपेने आपली वही उलटसुलट केली. माझ्यावर अविश्वास दाखवणं तिच्या मनातही आलं नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती स्वतःच्याच नोंदींकडे संशयाने पाहत होती. "नव्हती," ती म्हणाली. "सात?"

"सात."

एक शब्द होता तो. मी तो दुसऱ्यांदा उच्चारला तेव्हा मला माहीत होतं की आता हे प्रमाणबिमाण राहिलेलं नाही. मतदान झालं. अकरांपैकी आठ विरोधात. पाहुण्या बाई जाताना माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "अशी पायपीट करणारी मुलं आता मिळत नाहीत." पायपीट. मी तर केबिनीतून चहाच्या मशीनपर्यंत तेवढी चालले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं, दोन महिने त्यांच्याकडे शिकायला या. मी आईला फोन केला. माझी आई आयुष्यभर सरकारी पाहणीचे फॉर्म भरत दारोदार हिंडली. घरात माणसं किती, चूल कसली, पाणी कुठून, असं विचारत. ती अगदी हरखून गेली. काकूला सांगते, मावशीला सांगते, असं चाललं होतं तिचं. मग म्हणाली, "दहा जणांना विचारून आलीस म्हणजे माझ्यासारखंच काम झालं की गं हे."

मी उगाच विचारलं, "तुमच्यात एखादं घर बंद असलं की काय करायचीस?"

"दुसऱ्यांदा जायचे."

"तरी बंद असलं तर?"

"कुलूप लिहायचे. दुसरं काय लिहिणार?"

बरोबरच्या बायका दारोदार न जाता झाडाखाली बसून फॉर्म भरायच्या, असंही तिने मागे कधीतरी सांगितलं होतं. मी विषय बदलला आणि कामाचं निमित्त काढून फोन ठेवला.

बुधवारी तळटीप माझ्या खोलीच्या दारात उभी. हातात वही. डोळे सुजलेले नव्हते, चेहरा उतरलेला नव्हता. मला वाटत होतं ती रडेल, भांडेल, निदान आठवडाभर बोलणार नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी भांडणात तरबेज आहे.

"तुझी ती दहा दुकानांची यादी देशील?" ती म्हणाली. "मला त्यांच्याशी बोलायचंय. माझं ऐकण्यात कुठे चुकलं ते बघायचंय."

"देते की," मी म्हटलं. "नीट टाइप करून देते. अक्षर लागायचं नाही तुला माझं."

आठवडाभर मी तिला टोलवलं. आज प्रिंटर बंद, उद्या वही वर्गात राहिली. जेवणाच्या रांगेत ती दिसली की मी काढता पाय घ्यायचे. ती बिचारी एकदाही टोचून बोलली नाही. उलट म्हणाली, घाई नाही गं, तुझं चाललंय ना त्या बाईंकडचं. शेवटी मला एकच मार्ग सुचला आणि तो सुचला याचीही मला लाज वाटते. यादी नव्हती, तर ती आता बनवायची. बंद म्हणणारी दोन दुकानं हातात होती. आणखी पाच मिळाली की सात होत होते.

मी केबिनीत जाऊन बसले. ज्या फोनची मला भीती वाटायची तो मी तीन दिवस लावत होते. पहिला म्हणाला, चालू. दुसरा, चालू. तिसरा, तुम्हाला किती हवीत. चौथ्याने तर त्या चाकांचं कौतुक केलं, त्याच्या वडिलांच्या खाटेलाही तीच बसवली होती म्हणे. इतकी चांगली बातमी मी आयुष्यात इतक्या कडवट तोंडाने ऐकली नसेल. एखादा "हल्ली मागणी कमी आहे" म्हणाला की मी आशेने विचारायचे, "म्हणजे बंदच केलीत ना?" आणि तो म्हणायचा, "नाही हो, बंद कशाला करू." अकरा फोन झाल्यावर एक मिळाला. सतरा झाल्यावर दुसरा. एकजण आधी बंद म्हणाला आणि मी आभार मानत असताना म्हणाला, दुकानच बंद केलंय, आता मुलाकडे राहतो. तो धरावा की नाही यावर मी दहा मिनिटं विचार केला. नाही धरला. तेवढी प्रामाणिक मी होते, असं तेव्हा मला वाटलं, हे आज लिहितानाही हात जड होतो. चौतिसाव्या फोनला पाचवा मिळाला.

सगळं वहीत तारखेसकट लिहिलं होतं. त्यातले सात बंदवाले उचलले, तीन चालूवाले उचलले, तारखा गाळल्या आणि यादी स्वच्छ टाइप करून तिला दिली. ती म्हणाली, "थँक्स गं, किती नीट केलीस."

पुढच्या सोमवारी ती धावत माझ्या जागेशी आली. "सगळ्यांशी बोलले मी. बरोबर सात. अगदी तू म्हणालीस तेच." चोरी पकडली गेली असती तर जेवढं लागलं असतं त्याहून जास्त ते मला लागलं. ती पुढे सांगत होती, "एकजण वैतागला. म्हणाला, परवाच तर एका मुलीने हेच विचारलं, तुम्ही लोक किती वेळा विचारणार. मी त्याला म्हटलं, माझी मैत्रीण असेल ती. मला यादी द्यायच्या आधी पुन्हा खात्री करून घेत असेल. तू खरंच पुन्हा लावलेस ना फोन सगळ्यांना?"

"हो," मी म्हटलं.

"मला सुचलंच नसतं हे," ती म्हणाली.

बुधवारी कँटीनमध्ये तिने एक अर्ज माझ्यापुढे सरकवला. फंडात मध्यावर दोन वाटा फुटतात. एक कंपन्या शोधून मांडणाऱ्यांची, पुढे नोकऱ्या मिळतात त्या याच वाटेने. दुसरी नोंदींची, काय घेतलं काय विकलं ते टिपून ठेवायचं, पत्रं लिहायची. तिकडे आपणहून कुणी जात नाही. अर्जात तिने नोंदी लिहिलं होतं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

"हे काय?" मी विचारलं.

"मला माणसांशी बोलून खरं काढता येत नाही," ती म्हणाली. "नऊ जण मला चांगलं म्हणाले आणि मी मान डोलवत लिहून घेतलं. कारण मला तेच ऐकायचं होतं. आईचा खांदा, चाकं, सगळं मनात धरून गेले होते. आकडे वाचता येतात मला, माणसं नाही येत. उगाच लोकांचे पैसे बुडवण्यापेक्षा हे बरं."

आणि मी तिचं सांत्वन केलं. हे मला सगळ्यात जास्त बोचतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, अगं चुका सगळ्यांच्याच होतात, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, मला तरी कुठे सगळं येतं. मोठ्या मनाने म्हटलं. माझा आवाजसुद्धा मऊ झाला होता. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू आहेस म्हणून." मला तिथून उठून पळावंसं वाटलं. मी तिचा पाण्याचा ग्लास भरून आणला.

दोन दिवस मी स्वतःशी हिशेब घालत होते. सांगितलं तर बाईंकडची जागा जाणार, सर फंडातून काढणार, आईने ज्या ज्या नातेवाइकांना सांगितलं त्यांना पुन्हा काय सांगायचं. नाही सांगितलं तर काय? काही नाही. एक मुलगी नोंदींच्या टेबलावर बसेल, तिलाही वाटेल तेच योग्य. कुणाला कधी कळणारही नाही. या शेवटच्या वाक्याने मला धीर यायला हवा होता, आणि ते म्हटलं की मला जेवण जात नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने चुकीचा कागद वाचला. बाकीचे लोक या कागदात स्वतःला हळूच वाचवून घेतात, बाजार वाईट होता, वेळ कमी मिळाला, असं काहीतरी. हिने स्वतःला कुठेही सोडलं नव्हतं. "माझ्या दहा फोनांपैकी सहा नंबर कंपनीने दिलेले होते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. उरलेले चार मी शोधले, पण त्यांच्याशीही मी उत्तर मनात धरूनच बोलले. विरोधाच्या खुर्चीतल्या माझ्या मैत्रिणीने दहा अनोळखी दुकानं शोधली आणि मला यादी देण्यापूर्वी प्रत्येकाला पुन्हा फोन केला. काम कसं करायचं असतं ते मी तिच्याकडून शिकले." वाचता वाचता तिने वर पाहिलं, माझ्याकडे, आणि पुन्हा कागदाकडे.

"चांगला कागद," सर म्हणाले. ते सहसा असं म्हणत नाहीत. त्यांनी तो घेतला, जाड फाईल ओढली आणि पंच शोधू लागले. पुढच्या वर्षी बारा मुलं तो वाचणार होती, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी बारा. पंचमध्ये कागद सरकवला तेव्हा मी उभी राहिले. ठरवून नाही. ठरवायला बसले असते तर बसूनच राहिले असते.

"सर, तो लावू नका."

"का?"

"मी तीनच फोन केले होते."

त्यांना कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने.

"तीन," सर म्हणाले. "मग सात कुठून आले?"

"तिघांपैकी दोघं बंद म्हणाले. मी दहाचं प्रमाण काढलं."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. सरांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ज्या आवाजात ते एरवी ताळेबंदातला आकडा विचारत त्याच आवाजात विचारत गेले. "हिने परवा ज्यांना फोन केले ते दहा?"

"ते नंतर शोधले. सात पुरे होईपर्यंत."

"किती फोन करून?"

"चौतीस."

"आणि आधीचे तीन. सदतीस. त्यात बंद एकूण सात."

"हो."

"म्हणजे पाचांत एक." "सदतीस फोन या खोलीत आजवर कुणी केलेले नाहीत," ते म्हणाले. त्यांनी मला ओरडावं म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते, आणि ते एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "बाईंना तू स्वतः कळव. आजच."

मी मान हलवली. तळटीपेकडे बघायची माझी हिंमत नव्हती, तरी बघितलं. ती माझ्यावर चिडलेली दिसत नव्हती. एखादं अवघड गणित पुन्हा पहिल्या पायरीपासून करावं तशी तिची नजर टेबलावर लागली होती.

"म्हणजे माझे नऊ," ती हळूहळू म्हणाली, "ते खरं बोलत होते?"

"हो."

"आणि मी नीट ऐकलं होतं."

"नीट ऐकलं होतंस. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

सादरीकरण पडलं तेव्हा न रडलेली, यादीसाठी आठवडाभर माझ्या मागे हिंडताना न रडलेली ती मुलगी आता रडायला लागली. आवाज न करता, सरळ बसून. "अठरा दिवस झाले," ती म्हणाली. "अठरा दिवस मी आईशी धड बोलले नाहीये. तिने चाकांचं काय झालं विचारलं तर काय सांगणार म्हणून." बोलताना ती कुणाकडेच बघत नव्हती. ती लाज माझी होती. अठरा दिवस ती तिने वागवली आणि मी उजळ माथ्याने फिरले, तिचीच छत्री घेऊन.

मला माफ कर, असं काहीतरी मी म्हणायला लागले. तिने हातानेच थांबवलं. डोळे पुसले, अर्जाची घडी करून पिशवीत टाकली, वही उघडली आणि कोऱ्या पानावर उभी रेघ मारली.

"सदतीसच्या सदतीस नंबर आहेत तुझ्याकडे?"

"आहेत. कोण काय म्हणालं तेही सगळं लिहिलंय, तारखेसकट. यातलं खोटं काही नाही. आत्ता वाचून दाखवते."

"नको," ती म्हणाली. "नंबर तेवढे सांग. कोण काय म्हणालं ते मी त्यांना विचारीन."

मी माझी वही काढली आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या एकेक नंबर सांगू लागले. प्रत्येक आकडा ती मला दोनदा विचारत होती.